बल्क एसएमएस सेवा: लोकांना मोर्चाला बोलावण्यासाठी कितपत उपयोगी?

नागरिक मंच, कामगार संघटना, गृहनिर्माण संस्थांचे महासंघ आणि पाणी-रस्त्यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या छोट्या संस्था गेल्या काही वर्षांत बल्क एसएमएस सेवेकडे, म्हणजे एकाच वेळी हजारो क्रमांकांवर संदेश पाठवणाऱ्या घाऊक सेवेकडे, पुन्हा वळू लागल्या आहेत. आमच्या शहरातील नागरिक मंचानेही ही सेवा घेतली. पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर महापालिकेवर मोर्चा न्यायचा होता आणि विकास आराखड्यावर मुदतीच्या आत हरकती नोंदवून घ्यायच्या होत्या. पुढील परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. त्यात कोणत्याही पुरवठादाराचे नाव नाही, कारण सध्याच्या नियमांमुळे सगळे पुरवठादार जवळजवळ एकच वस्तू विकतात. फरक असतो तो पॅनेलच्या, म्हणजे संदेश पाठवण्याच्या संकेतस्थळाच्या, रंगरूपात, दर संदेशामागच्या पैशांत आणि तक्रार केल्यावर फोन उचलणाऱ्या माणसाच्या स्वभावात.

आमचा निष्कर्ष आधीच सांगतो. ज्यांनी यायचे ठरवलेच आहे त्यांना तारीख आणि वेळ यांची आठवण करून देण्यासाठी ही सेवा चांगली आहे. ज्यांनी अजून काहीच ठरवलेले नाही त्यांना घराबाहेर काढण्यासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि आज सकाळी घडलेल्या घटनेवर आज संध्याकाळी लोक जमवायचे असतील तर तिचा विचारही करू नये. पुरवठादारांची जाहिरातपत्रके मात्र नेमके या दोन कामांसाठीच ती विकत घ्यायला सांगतात.

व्हॉट्सअ‍ॅप असताना एसएमएस कशाला, असा प्रश्न मंचाच्या बैठकीतही आला होता. त्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या सभासदांपैकी बरेच ज्येष्ठ नागरिक अजून बटणांचा फोन वापरतात; घरकाम करणाऱ्या अनेक महिलांच्या फोनमध्ये महिनाअखेरीस इंटरनेटचा पॅक शिल्लक नसतो; आणि ज्यांच्याकडे सर्व काही आहे त्यांनी मंचाचा गट केव्हाच म्यूट करून ठेवला आहे. शिवाय आंदोलनाच्या काळात इंटरनेट बंद होते, हा मराठवाड्याचा ताजा अनुभव आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद ठेवण्यात आले होते. अशा वेळी साधा एसएमएस जातो. तो कोणत्याही फोनवर पोहोचतो, त्याला अ‍ॅप लागत नाही आणि घेणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. कागदावर यापेक्षा लोकशाहीवादी साधन सापडणे अवघड आहे.

प्रत्यक्षात पहिली अडचण नोंदणीची येते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १९ जुलै २०१८ रोजी नवे विनियम जारी केले आणि त्यांतून डीएलटी ही घाऊक संदेशांच्या नोंदणीची व्यवस्था आली. घाऊक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने मोबाइल कंपनीच्या डीएलटी संकेतस्थळावर स्वतःची नोंद करायची, सहा अक्षरांचे हेडर, म्हणजे संदेशावर पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारे नाव, मंजूर करून घ्यायचे आणि पाठवायच्या मजकुराचा साचा, म्हणजेच टेम्प्लेट, आधीच मंजूर करून घ्यायचा. पाठवलेला प्रत्येक संदेश मंजूर टेम्प्लेटशी ताडून पाहिला जातो आणि जुळला नाही तर तो वाटेतच गळतो. मार्च २०२१ मध्ये ही तपासणी प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली, हे अनेकांना आठवत असेल. जिथे मोठमोठ्या बँका अडखळल्या तिथे चार कार्यकर्त्यांच्या मंचाची काय कथा?

या व्यवस्थेमागचा हेतू योग्य आहे, हे मान्य केले पाहिजे. कर्ज, भूखंड आणि लॉटरीच्या संदेशांनी लोकांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि बनावट बँक-संदेशांनी अनेकांची आयुष्याची कमाई गेली होती. परंतु ज्या चौकटीत ही नोंदणी बसवली आहे ती व्यापारी कंपनीची आहे. पॅन क्रमांक, नोंदणी प्रमाणपत्र, अधिकृत व्यक्तीच्या नावाचे पत्र हे सर्व धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेकडे असते. परवा रात्री नळाला गढूळ पाणी आले म्हणून काल संध्याकाळी एकत्र आलेल्या एका गल्लीतल्या माणसांकडे नसते. नोंदणीचे शुल्कही काही हजारांच्या घरात जाते. मोठ्या पक्षांना ते जाणवत नाही. वर्गणीवर चालणाऱ्या मंचाला चांगलेच जाणवते.

दुसरी आणि खरी गंभीर अडचण टेम्प्लेटची आहे. राजकीय कृतीचा संदेश स्वभावतःच ताज्या घटनेवर उभा असतो. आयुक्तांनी शिष्टमंडळाला भेट नाकारली, सुनावणीचे ठिकाण ऐनवेळी बदलले, एखाद्या कार्यकर्त्याला पोलिसांनी ठाण्यात बसवून ठेवले, असे काही घडले की त्याच भाषेत लोकांना हाक घालावी लागते. डीएलटीमध्ये अशी हाक आधी अर्ज करून मंजूर करून घ्यावी लागते. टेम्प्लेटमध्ये बदलत्या मजकुरासाठी रिकाम्या जागा ठेवता येतात, परंतु त्या प्रत्येक जागेत मोजकीच वर्णचिन्हे मावतात, आणि साच्याचा बहुतेक भाग रिकाम्या जागांचाच असेल तर तो नामंजूर होतो. आमचे पहिले काही टेम्प्लेट कारण न समजण्यासारख्या एका ओळीच्या शेऱ्यासह परत आले. अखेरीस मंजूर झाला तो अत्यंत निर्जीव मजकूर: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी सभासदांनी उपस्थित राहावे. सहकारी पतपेढीच्या वार्षिक सभेची नोटीसही यापेक्षा रसाळ असते. संदेशात दुवा द्यायचा असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तोही आधी नोंदवून घ्यावा लागतो, त्यामुळे हरकतीच्या अर्जाचा नमुना जिथे ठेवला होता तो दुवा बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता मराठीचा प्रश्न, जो इंग्रजीतून लिहिलेल्या कोणत्याही माहितीपत्रकात पुरेसा स्पष्ट केलेला नसतो. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० वर्णचिन्हे मावतात. देवनागरीत लिहिले की ही मर्यादा ७० वर येते, आणि संदेश त्याहून लांब झाला की तो ६७-६७ च्या तुकड्यांत मोडला जातो व प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. त्यातही देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांतील प्रत्येकाची स्वतंत्र गणना होते. 'मोर्चा' हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. यंत्र त्यात सहा चिन्हे मोजते. 'विद्यार्थ्यांच्या' या एका शब्दाला सतरा लागतात. 'पाणीप्रश्नी मोर्चा, सोमवारी सकाळी १० वाजता, महापालिका.' एवढ्या साध्या वाक्याने चोपन्न चिन्हे खर्च होतात. उरलेल्या सोळा जागांत संस्थेचे नाव बसवायचे असते, आणि ते टाकल्याशिवाय टेम्प्लेट मंजूर होत नाही. जोडाक्षरांनी समृद्ध असलेल्या आपल्या भाषेला ही व्यवस्था अक्षरशः दंड लावते.

हिशोब करून पाहा. दर संदेशामागे वीस पैसे धरले, तर पाच हजार लोकांना एका तुकड्याचा रोमन संदेश पाठवायला एक हजार रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी लागतो. तोच मजकूर देवनागरीत तीन तुकड्यांचा झाला की तीन हजार. म्हणून अनेक संस्था रोमन लिपीत मराठी लिहितात. आम्ही तसे करू नये असे ठरवले, कारण ज्या ज्येष्ठांसाठी एसएमएस घेतला त्यांनाच रोमन लिपीतील मराठी वाचणे सर्वांत कठीण जाते. पुरवठादाराच्या पॅनेलमध्ये मजकूर टाकताच तुकडे किती होतात ते दिसते की पैसे कापल्यानंतर कळते, हे खरेदीपूर्वी अवश्य तपासावे. आमच्या पुरवठादाराकडे ते नंतर कळत असे, आणि त्यावरून झालेल्या पत्रव्यवहाराला शेवटपर्यंत समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

संदेश पोहोचण्याबाबत मात्र फारशी तक्रार नाही. मंजूर टेम्प्लेटचे संदेश काही मिनिटांत सुटतात आणि डिलिव्हरी रिपोर्ट बहुतांशी विश्वासार्ह वाटला. तरी 'डिलिव्हर्ड' याचा अर्थ फोनपर्यंत गेला एवढाच असतो. स्मार्टफोन आता संदेशांची स्वतःच वर्गवारी करतात आणि हेडरवरून आलेला मजकूर सरळ जाहिरातींच्या खणात टाकतात. जाहिरात या वर्गात मोडणारे संदेश सकाळी दहा ते रात्री नऊ या वेळेतच जातात आणि ज्यांनी डीएनडी घेतले आहे, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद केली आहे, त्यांच्यापर्यंत जातच नाहीत. सभासदांना सभेची सूचना हा सेवा-संदेश ठरतो, त्यामुळे आमचे सभासद या अटीतून सुटले. परंतु सभासद नसलेल्या नागरिकांना मोर्चाला बोलावणे हे नियमांच्या नजरेत जाहिरातीच्या जवळ जाते. घर विकणारा बिल्डर आणि पाणी मागणारा रहिवासी एकाच रांगेत उभे राहतात, हे पाहून थोडी गंमत आणि बराच संताप वाटला.

एवढे सर्व सोसून गेलेल्या संदेशाचा परिणाम काय झाला? मोर्चाच्या आदल्या दिवशी एका सभासद आजींना आठवण करून देण्यासाठी फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तो मेसेज बँकेचा समजून मी उघडलाच नाही. तुम्ही आत्ता सांगितलंत ते बरं झालं." त्या मोर्चाला आल्या, परंतु एसएमएसमुळे नव्हे, फोनमुळे.

इथे या साधनाच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे, कारण सेवा विकणारे लोक तो इतिहास आपल्या बाजूने सांगतात. राजकीय कृतीसाठी एसएमएस वापरल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फिलिपाइन्सचे आहे. राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांच्यावरील महाभियोगाच्या सुनावणीत १६ जानेवारी २००१ रोजी सिनेटने ११ विरुद्ध १० मतांनी त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यांचा लिफाफा उघडण्यास नकार दिला. त्याच रात्री मनिलातील एडसा या हमरस्त्यावरील प्रार्थनास्थळाजवळ लोक जमू लागले. एडसाला चला, काळे कपडे घाला, अशा चार शब्दांच्या संदेशांनी फोन भरून गेले. गर्दी वाढत वाढत लाखांवर गेली आणि २० जानेवारीला एस्ट्राडा यांनी राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान सोडले. ग्लोरिया मॅकापगाल अरोयो यांनी शपथ घेतली. स्पेनमध्येही असेच घडले. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले, सरकारने त्याचे खापर एटा या बास्क फुटीरतावादी संघटनेवर फोडण्याची घाई केली, आणि निवडणुकीच्या आदल्या दिवशी, प्रचारबंदीच्या काळात, सायंकाळी सहा वाजता सत्ताधारी पक्षाच्या माद्रिदमधील कार्यालयासमोर पक्षविरहित जमण्याचे आवाहन करणारा संदेश फिरला. त्याचा शेवट 'पुढे पाठवा' या अर्थाच्या एका स्पॅनिश शब्दाने होत असे. दुसऱ्या दिवशी सत्ताधारी पक्ष निवडणूक हरला. त्याला एकटा एसएमएस कारणीभूत नव्हता हे उघड आहे, परंतु निर्बंध असलेल्या दिवशी लोक रस्त्यावर आले ते मुख्यतः या संदेशामुळे.

या दोन्ही घटनांत बल्क एसएमएस नावाची सेवा कुठेही नव्हती. कोणतेही पॅनेल नव्हते, हेडर नव्हते, पाच हजार क्रमांकांची फाइल नव्हती. प्रत्येक संदेश कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाकडून आला होता आणि घेणाऱ्याने तो स्वतःच्या ओळखीच्यांना पाठवला होता. मनिलातील तरुणाला चुलत बहिणीचा संदेश आला की त्यात एक न लिहिलेले वाक्य असे: मी निघाले आहे. हेडरवरून आलेल्या संदेशात ते वाक्य नसते. तो कुणाचाच नसतो, आणि म्हणून कुणालाच उठवत नाही. बल्क एसएमएस सेवा विकणारे त्या काळच्या गर्दीचे श्रेय संदेशाला देतात आणि संदेश विकतात. पाठवणारा माणूस मात्र त्यांच्याकडे विकायला नसतो.

अमेरिकेतील अभ्यासही याच बाजूला कल दाखवतो. अ‍ॅलिसन डेल आणि अ‍ॅरन स्ट्रॉस यांनी २००६ च्या निवडणुकीत केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मतदानाच्या आदल्या दिवशी आठवणीचा एसएमएस मिळालेल्यांचे मतदान सुमारे तीन टक्क्यांनी वाढलेले आढळले. ही वाढ लहान नाही. परंतु ते लोक नुकतेच मतदार म्हणून नोंदलेले होते. मतदान करण्याची इच्छा त्यांनी आधीच दाखवली होती. संदेशाने त्यांचे मत वळवले नाही, विसर पडू दिला नाही. आमचा अनुभव तंतोतंत हाच आहे. विकास आराखड्यावर हरकत नोंदवण्याची तयारी ज्यांनी घरोघरच्या भेटीत दाखवली होती, त्यांना शेवटच्या मुदतीपूर्वी गेलेल्या संदेशाचा चांगला उपयोग झाला; अनेकांनी तो दाखवत दाखवतच प्रभाग कार्यालयात अर्ज दिले. ज्यांना भेटलोच नव्हतो त्यांच्यापैकी फारसे कुणी आले नाही. पुढे अमेरिकेतील प्रचारमोहिमांनी घाऊक पाठवणीऐवजी स्वयंसेवकांनी एकेकाला संदेश पाठवायचा आणि आलेल्या उत्तराला स्वतः उत्तर द्यायचे अशी पद्धत स्वीकारली. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या मोहिमेने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यासाठीची स्पोक ही प्रणाली मूव्हऑन या संघटनेने नंतर सर्वांसाठी खुली केली.

आपल्याकडे २००६ मध्ये जेसिका लाल खून खटल्यातील आरोपी निर्दोष सुटल्यावर एका वृत्तवाहिनीच्या आवाहनाला प्रतिसाद म्हणून दोन लाखांहून अधिक एसएमएस गेले आणि इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन लोक जमले. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप सुनावली. त्याहून आपल्या परिसराला जवळचे उदाहरण राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या २०११ च्या लोकपाल आंदोलनाचे आहे. त्या आंदोलनाने एसएमएसच्या जोडीला मिस्ड कॉलची युक्ती वापरली: मुंबईतील एका क्रमांकावर फोन लावायचा, तो आपोआप कटतो, खर्च शून्य, आणि पाठिंबा नोंदला जातो. मिस्ड कॉल ही भारतीयांच्या अंगवळणी पडलेली भाषा आहे. 'पोहोचलो की मिस्ड कॉल देतो' हे वाक्य ज्याने म्हटले नाही असा माणूस या देशात क्वचितच सापडेल. आंदोलनाच्या दृष्टीने तिचे मोल असे की पहिले पाऊल नागरिक उचलतो. त्याने स्वतः फोन केलेला असतो, त्यामुळे त्याला नंतर गेलेला संदेश अनोळखी राहत नाही, आणि त्याची संमती होती का हा प्रश्नही उरत नाही. बल्क एसएमएस पुरवठादारांच्या यादीत मिस्ड कॉल सेवा हा वेगळा आणि बहुधा दुर्लक्षित घटक असतो. आमच्या मते संपूर्ण पॅकेजमध्ये घेण्यासारखा तोच सर्वांत चांगला भाग आहे. पुढच्या मोर्चाच्या भित्तिपत्रकांवर आम्ही मोठ्या अक्षरांत केवळ तो क्रमांक छापला आणि त्यातून तयार झालेली यादी जुन्या सभासद-यादीपेक्षा लहान असूनही अधिक जिवंत निघाली.

सरकारची भूमिका हा या परीक्षणातील टाळता न येणारा भाग आहे. घाऊक संदेश हे साधन असे आहे की गरज वाटताच एका आदेशाने ते बंद करता येते, आणि ते वारंवार बंद केले गेले आहे. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्या प्रकरणी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालापूर्वी देशभर बल्क एसएमएसवर बंदी आली. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या संदेशांमुळे ईशान्य भारतातील हजारो विद्यार्थी आणि कामगार बंगळुरू व पुणे सोडून निघाले, तेव्हा पंधरा दिवसांसाठी एका वेळी पाचांहून अधिक जणांना संदेश पाठवण्यावर निर्बंध आला. त्या वेळच्या भीतीचे कारण खरे होते, आणि पुण्यातून निघालेल्या त्या भरगच्च गाड्या ज्यांनी पाहिल्या त्यांना निर्बंध अवाजवी वाटला नसेल. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकऱ्यांच्या 'दिल्ली चलो' मोर्चाच्या वेळी हरियाणा सरकारने सात जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेटबरोबर बल्क एसएमएसही बंद केले, आणि बँकांचे व रिचार्जचे संदेश मात्र चालू ठेवले. त्या आदेशाचा अर्थ प्रत्येक संस्थेने लक्षात ठेवावा: इंटरनेट बंद झाल्यावर उपयोगी पडेल म्हणून घेतलेली सेवा इंटरनेटबरोबरच बंद पडू शकते. निवडणुकीच्या काळात तर मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत राजकीय स्वरूपाच्या बल्क एसएमएसला मनाईच असते, आणि ती रास्त आहे.

उलट, माणसाने माणसाला पाठवलेल्या संदेशाला भारतात अधिक संरक्षण मिळाले आहे. ट्रायने २०११ मध्ये एका सिमकार्डवरून दिवसाला प्रथम शंभर आणि नंतर दोनशे संदेशांची मर्यादा घातली होती. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व्यापारी नसलेल्या संदेशांपुरती ती मर्यादा रद्द केली, कारण ती नागरिकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आणत होती. आजही बहुतेक मोबाइल पॅकमध्ये दिवसाला शंभर एसएमएस समाविष्ट असतात आणि ते बहुतांशी वाया जातात.

गोपनीयतेबाबत एक गोष्ट सांगून पुढे जातो. क्रमांकांची यादी पुरवठादाराच्या पॅनेलवर चढवली की ती त्याच्या सर्व्हरवर राहते, आणि मोर्चाला कुणाला बोलावले याची नोंद मोबाइल कंपनीकडेही राहते. जानेवारी २०१४ मध्ये युक्रेनची राजधानी किव्ह येथे आंदोलनाच्या ठिकाणाजवळ असलेल्या लोकांच्या फोनवर, तुमची नोंद सामूहिक गोंधळातील सहभागी म्हणून झाली आहे, असा एसएमएस आला होता. एसएमएस बोलावतो तसा तो माणसाचा ठावठिकाणाही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये २००४ च्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनावेळी आंदोलकांनी वापरलेल्या टीएक्सटीमॉब या सेवेच्या नोंदी शहर प्रशासनाने २००८ मध्ये कायदेशीर मार्गाने मागवल्या होत्या, म्हणजे चार वर्षांनीही त्या नोंदींचा पाठलाग सुटला नव्हता. पुरवठादाराकडून यादी किती दिवसांनी पुसली जाते याचे लेखी उत्तर घ्यावे. आमच्या पुरवठादाराने तोंडी उत्तर दिले, लेखी मागितल्यावर विषय बदलला.

या सर्वांवरून आमच्या मंचाने जी पद्धत ठरवली ती अशी आहे. मिस्ड कॉल क्रमांक घ्यायचा आणि भित्तिपत्रकांवर तोच छापायचा. बल्क एसएमएसचे टेम्प्लेट दोनच ठेवायचे: एक सभेच्या सूचनेचा, एक मुदतीच्या आठवणीचा. ताज्या घटनेची हाक घाऊक सेवेतून घालायचीच नाही. त्यासाठी पन्नास कार्यकर्त्यांनी आपापल्या इमारतीतील, चाळीतील, वस्तीतील ओळखीच्या शंभर जणांना स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत लिहायचे. पन्नास गुणिले शंभर म्हणजे पाच हजारच होतात, त्याला नोंदणी लागत नाही, टेम्प्लेट लागत नाही, आणि उत्तर आले तर ते वाचणारे कुणीतरी असते. हे काम कष्टाचे आहे आणि पन्नास कार्यकर्ते सगळ्या संस्थांकडे नसतात, याची जाणीव आहे. परंतु ज्या संस्थेकडे ते नाहीत तिने पाच हजार क्रमांकांची फाइल विकत घेण्यापूर्वी तोच पैसा प्रभागवार बैठकांच्या चहापाण्यावर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गुण द्यायचे झाले तर सभासद-सूचनेसाठी पाचपैकी चार, मुदतीच्या आठवणीसाठी चार, नवे लोक जोडण्यासाठी एक, आणि तातडीच्या हाकेसाठी शून्य. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या दोन्हींतून अर्धा-अर्धा गुण कमी करावा. सेवा घ्यायचीच असेल तर वार्षिक करार करू नये. क्रेडिटची, म्हणजे आगाऊ विकत घेतलेल्या संदेशांची, मुदत किती, न वापरलेले क्रेडिट परत मिळतात का, आणि नामंजूर टेम्प्लेटचे कारण मराठीत किंवा निदान समजेल अशा इंग्रजीत कळवले जाते का, हे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत.